ऑर्डरचं स्टेटस आपोआप बदलायचं, ते कसं सुटलं

गुहागरला घरून काम करतो. आयबीएम आय या आयबीएमच्या बिझनेस सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा एक जुना प्रोग्राम माझ्याकडे आला, आरपीजी या तिथल्या प्रोग्रामिंग भाषेतला. डिस्पॅच झालेल्या काही ऑर्डरी सकाळी परत ‘ए’, म्हणजे ॲक्टिव्ह, दिसायच्या. दोन दिवस लॉजिक वाचलं, चूक दिसेना. बाहेर पाऊस, वीज जा-ये करत होती.

शेवटी डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम थांबत थांबत तपासायच्या साधनात, एकेक ओळ चालवली. ऑर्डर वाचली, स्टेटस ‘डी’, म्हणजे डिस्पॅच झालेली. पुढच्या ओळीला ग्राहकाच्या फाइलवर चेन, म्हणजे की देऊन एक रेकॉर्ड शोधून वाचणं. ओळ ओलांडली आणि स्टेटस ‘ए’!

दोन्ही फाइलींत स्टेटसच्या फील्डचं नाव एकच होतं. साध्या डिक्लरेशनमध्ये आरपीजी एकाच नावाच्या फील्डांना मेमरीत एकच जागा देतं. पुढे नुसतं अपडेट केलं की फॉरमॅटमधली, म्हणजे रेकॉर्डच्या साच्यातली, सगळी फील्डं लिहिली जातात, म्हणून ग्राहकाचा ‘ए’ ऑर्डरीत जाऊन बसायचा. आमच्याकडे पेटीवर बागेचं नाव घातल्याशिवाय आंबा गाडीत चढत नाही. तसंच केलं: ग्राहक फाइलीला प्रीफिक्स ‘जीआर_’ लावला, म्हणजे तिथल्या प्रत्येक फील्डच्या नावाआधी ते लागतं, ग्राहकाचं स्टेटस वापरणाऱ्या ओळी बदलल्या, कंपाइल केलं. दुसऱ्या सकाळी एकही ऑर्डर हलली नव्हती. फार बरं वाटलं.

अजून एक. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेने बनवलेल्या टेबलात फॉरमॅट वेगळा दिला नाही, तर त्याला टेबलाचंच नाव मिळतं आणि आरपीजी कंपाइल होत नाही. तिथे रीनेम लावून प्रोग्रामपुरतं फॉरमॅटला दुसरं नाव द्या. मी फॉरमॅटच्या नावाशेवटी ‘आर’ ठेवतो: वाचताना, चेन करताना फाइलचं नाव, राइट, अपडेटला ‘आर’वालं.