गावाकडची संकेतस्थळे जतन करताना क्रॉलरची मांडणी कशी करावी

वऱ्हाडी आणि झाडीबोलीतील पुष्कळ लेखन पुस्तकांत कधी आलेच नाही. ते एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या ब्लॉगवर, गावच्या वाचनालयाच्या जुन्या संकेतस्थळावर किंवा वडशाच्या नाटकांच्या जाहिराती आणि छायाचित्रे कोणी हौसेने लावून ठेवलेल्या पानांवर आहे, आणि डोमेनचे पैसे भरणारा माणूस गेला की वर्षभरात तेही नाहीसे होते. यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या वाचनालयात गेली काही वर्षे मी अशी पाने उतरवून ठेवण्याचे काम करतो. वखर, डवरा, तिफण यांच्या एकेका भागाची वऱ्हाडी नावे छायाचित्रांसह देणारे एक संकेतस्थळ माझ्या डोळ्यांदेखत बंद पडले आणि त्यातली जेमतेम चार पाने माझ्याजवळ उरली. तेव्हापासून जे शिकलो, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

क्रॉलर म्हणजे दिलेल्या पानापासून सुरुवात करून त्यावरील दुवे एकामागून एक उघडणारा आणि मिळालेली पाने, चित्रे व फाइली संगणकावर साठवणारा प्रोग्राम. येथे मी एचटीट्रॅक हा प्रोग्राम गृहीत धरला आहे. तो १९९८ पासून उपलब्ध आहे, मोफत आहे, विंडोजच्या जुन्या संगणकावरही चालतो आणि त्याची सर्व मांडणी खिडक्यांतून करता येते. मात्र पत्ता लिहून सुरुवातीचे बटण दाबले आणि संकेतस्थळ उतरले, असे फार क्वचित होते. काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे त्याला आपणच सांगावे लागते.

आधी संकेतस्थळ डोळ्यांनी वाचावे

प्रोग्राम उघडण्यापूर्वी अर्धा तास ते संकेतस्थळ ब्राउझरमध्ये हिंडून पाहावे आणि वहीत चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: लेखांचे पत्ते कोणत्या घडणीचे आहेत, चित्रे त्याच सर्व्हरवर आहेत की दुसऱ्या, कोणते दुवे त्याच पानाची निराळी रूपे दाखवतात आणि रोबोट्स फाइलमध्ये (रोबोट्स डॉट टीएक्सटी, म्हणजे क्रॉलरने कोणती पाने घेऊ नयेत हे सांगणारी फाइल) काय मनाई आहे. ही फाइल मुख्य पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन तिचे नाव लिहिल्यास सहसा उघडते. मालकाशी संपर्क होत असेल तर याच टप्प्यावर त्याची लेखी परवानगी घ्यावी. आमचा अनुभव असा की, आपले लिखाण कोणीतरी जपून ठेवणार आहे हे कळल्यावर माणसे आनंदाने होकार देतात आणि कित्येकदा मूळ छायाचित्रेही आणून देतात.

व्याप्ती: स्कॅन रूल्स

पर्यायांच्या खिडकीतील ‘स्कॅन रूल्स’ हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि बहुतेक वेळ तेथेच द्यावा. प्रत्येक नियमाआधी अधिक चिन्ह असेल तर त्या नमुन्याचे पत्ते घेतले जातात, वजा चिन्ह असेल तर वगळले जातात, आणि तारका म्हणजे ‘येथे काहीही चालेल’. दोन नियम एकमेकांना छेद देत असतील तर नंतर लिहिलेला नियम लागू होतो. त्यामुळे आधी व्यापक नियम आणि मग त्याला अपवाद, असा क्रम ठेवावा. हा क्रम उलटा झाला तर अपवाद निष्प्रभ ठरतात आणि प्रोग्राम त्याबद्दल कोणतीही सूचना देत नाही.

मराठी ब्लॉग पुष्कळदा ब्लॉगस्पॉटवर असतात, म्हणून त्याचेच उदाहरण सविस्तर घेतो. ब्लॉगच्या पहिल्या पानावर तळाशी ‘जुने लेख’ हा दुवा असतो आणि आपण वाचक म्हणून त्यावरूनच मागे मागे जातो. तो दुवा ‘सर्च’ या शब्दाने सुरू होणाऱ्या पत्त्यावर नेतो, आणि ब्लॉगस्पॉटच्या नेहमीच्या रोबोट्स फाइलमध्ये नेमक्या त्याच पत्त्यांना मनाई असते. नियम पाळणारा क्रॉलर त्यामुळे पहिल्या पानावरचे लेख, फार तर बाजूच्या सूचीत दिसणारे काही लेख घेऊन काम संपल्याचे सांगतो. दहा वर्षांचा ब्लॉग पाच मिनिटांत उतरला म्हणून आपण समाधान मानतो आणि प्रत्यक्षात बरेचसे लेखन मागे राहिलेले असते.

यासाठी मनाई मोडण्याची गरज नाही. त्याच ब्लॉगच्या साइटमॅप फाइलमध्ये लेखांचे पत्ते दिलेले असतात. ती ब्राउझरमध्ये उघडून पत्ते साध्या मजकूर फाइलमध्ये एका ओळीत एक असे उतरवावेत आणि प्रोग्राममध्ये मुख्य पत्त्याखाली पत्त्यांची यादी मागणारी जी जागा आहे तेथे ती फाइल द्यावी. साइटमॅपचे अनेक भाग असतील तर प्रत्येक भाग उघडून पाहावा.

चित्रांची गोष्ट वेगळी आहे. ब्लॉगस्पॉटवरील चित्रे ब्लॉगच्या पत्त्यावर नसून ‘बीपी’ या अक्षरांच्या किंवा गूगलयूजरकंटेंट नावाच्या सर्व्हरवर असतात. पानात दिसते ते लहान चित्र, ज्याच्या पत्त्यात बहुधा ‘एस ३२०’ असे असते, आणि त्यावर टिचकी मारल्यावर उघडते ते मोठे, ‘एस १६००’ असे. प्रोग्रामच्या मूळ नियमांत जेपीजी, पीएनजी अशा शेवटाच्या फाइली घेण्याची सोय आहे; परंतु शेवटी असा प्रत्यय नसलेली चित्रे त्यातून निसटतात. म्हणून या दोन्ही सर्व्हरांच्या नावांचे अधिक चिन्हाचे स्वतंत्र नियम लिहावेत. मोठे चित्र आले की नाही, हे मुद्दाम तपासावे, कारण नांगराच्या फाळावरची खूण किंवा नाटकाच्या हस्तपत्रकावरची बारीक अक्षरे लहान चित्रात वाचता येत नाहीत.

वगळण्याच्या नियमांत त्याच पानाची दुसरी रूपे येतात: मोबाइलसाठीचे रूप, प्रत्येक प्रतिक्रियेचा वेगळा दुवा, वर्डप्रेसवरील ‘उत्तर द्या’ आणि ‘शेअर करा’ हे दुवे. एका लेखाला तीस प्रतिक्रिया असतील आणि हे दुवे वगळले नाहीत, तर तोच लेख तीस वेळा उतरतो. याहून मोठा धोका कार्यक्रमांच्या दिनदर्शिकेचा. ‘पुढचा महिना’ हा दुवा कधीच संपत नसल्याने क्रॉलर रिकाम्या महिन्यांची पाने घेत पुढच्या शतकात शिरतो. दिनदर्शिकेचा पत्ता ओळखून त्याला सुरुवातीलाच वजा चिन्ह लावावे.

जुने फॉन्ट

युनिकोड रुळण्यापूर्वीची मराठी संकेतस्थळे जपताना एक बाब विसरून चालत नाही, आणि इंग्रजी पानांपुरत्या लिहिलेल्या मार्गदर्शनात तिचा उल्लेखही नसतो. त्या पानांतला मजकूर ठरावीक फॉन्टच्या संकेतांत टंकलेला असतो. तो फॉन्ट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हांचा ढीग दिसतो, म्हणजे पान जपले जाते पण वाचता येत नाही. अशा पानांसोबत कधी ईओटी प्रकारची फॉन्ट फाइल जोडलेली असते, जी केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालत असे, तर कधी ‘फॉन्ट येथून घ्या’ असा दुवा असतो. म्हणून ईओटी, टीटीएफ, वोफ आणि झिप या प्रकारांना अधिक चिन्हाचा नियम द्यावा, फॉन्टचे नाव नोंदवहीत लिहावे आणि ज्या संगणकावर तो फॉन्ट बसवलेला आहे तेथून त्या पानांची पीडीएफ प्रतही काढून ठेवावी.

वेग, मर्यादा आणि आपले नेटवर्क

‘लिमिट्स’ या भागात दुव्यांच्या खोलीचा आकडा रिकामा ठेवावा, म्हणजे संकेतस्थळाच्या आत कितीही खोल जाता येते. बाहेरच्या संकेतस्थळांची खोली मात्र शून्य असावी, अन्यथा एका दुव्यावरून क्रॉलर वर्तमानपत्रांत जाऊन पोहोचतो. एका फाइलच्या आकाराची मर्यादा शक्यतो घालू नये, कारण तिच्यामुळे सर्वांत आधी वगळल्या जातात त्या स्कॅन केलेल्या जुन्या अंकांच्या पीडीएफ फाइली, आणि आपल्याला नेमक्या त्याच हव्या असतात.

वेगाची मर्यादा सेकंदाला २५००० बाइट ठेवली तर तासाला सुमारे ९० एमबी उतरते. हा वेग कमी वाटेल, पण ४५० एमबीचे संकेतस्थळ पाच तासांत, म्हणजे एका रात्रीत होते आणि समोरच्या लहानशा सर्व्हरवर भार पडत नाही. गावातील कामाची संकेतस्थळे पुष्कळदा सर्वांत स्वस्त होस्टिंगवर असतात. तेथे एका वेळी आठ जोडण्या उघडल्या तर खऱ्या वाचकांना पान उघडेनासे होते. म्हणून ‘फ्लो कंट्रोल’ या भागात जोडण्यांची संख्या एक किंवा दोन ठेवावी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करीत असाल आणि दिवसाचा डेटा दीड जीबी असेल, तर संकेतस्थळाच्या एकूण आकाराची मर्यादा एक जीबीच्या आत लिहावी. हे आकडे बाइटमध्ये द्यायचे असतात, तेव्हा शून्ये मोजून लिहावीत. मर्यादा गाठल्यावर काम थांबले तर दुसऱ्या दिवशी ती वाढवून पुढे जाता येते.

नेटवर्क मध्येच जाते आणि भारनियमनही होते, हे धरूनच प्रतीक्षेचा कालावधी आणि पुन्हा प्रयत्न करण्याची संख्या वाढवावी. प्रतीक्षेच्या आकड्याशेजारी, वेळ संपल्यास तो सर्व्हरच सोडून देण्याचा पर्याय असतो. त्यावर खूण करू नये, कारण एकदा रेंज गेली की उरलेले सगळे संकेतस्थळ वगळले जाते. वीज गेल्यावर प्रकल्प पुन्हा उघडून ‘खंडित डाउनलोड पुढे चालू करा’ हा पर्याय निवडावा. प्रकल्पाच्या फोल्डरमधील ‘एचटीएस कॅश’ हे उपफोल्डर जागा अडवते म्हणून काढून टाकू नये. आधी काय उतरले आहे, याची नोंद त्यातच असते.

ओळख आणि मनाई

रोबोट्स फाइलची पद्धत १९९४ साली सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिला आरएफसी ९३०९ या नावाने औपचारिक रूप मिळाले. ‘स्पायडर’ या भागात ती पाळण्याचा पर्याय निवडावा. जतन करणाऱ्याने ती पाळण्याची गरज नाही, असे म्हणणारे लोक आहेत. ही मनाई मुख्यतः शोधयंत्रांसाठी लिहिलेली असते, या त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. तरी माझे मत असे की, मालकाने स्पष्ट परवानगी दिली असेल तरच ती बाजूला ठेवावी.

‘ब्राउझर आयडी’ या भागात प्रोग्रामने आधीच भरलेले नाव विंडोज ९८ च्या काळातील ब्राउझरचे आहे. त्याऐवजी वाचनालयाचे नाव आणि ईमेल पत्ता लिहावा. सर्व्हर सांभाळणाऱ्याला नोंदींत आपला पत्ता दिसला तर तो अडवण्याऐवजी विचारणा करतो.

जुनी प्रत पुसली जाऊ नये

सहा महिन्यांनी तेच संकेतस्थळ पुन्हा उतरवताना ‘अद्ययावत करा’ हा पर्याय वापरला जातो आणि येथे माझ्याकडून मोठे नुकसान झाले आहे. एका संस्थेने आपले संकेतस्थळ नव्याने बांधले आणि त्यात जुन्या स्मरणिकांची पाने काढून टाकली. मी नेहमीप्रमाणे प्रत अद्ययावत केली, तेव्हा जी पाने मुळात उरली नव्हती ती प्रोग्रामने माझ्या संगणकावरूनही पुसली. ‘बिल्ड’ या भागातील ‘डू नॉट पर्ज ओल्ड फाइल्स’ या चौकटीत खूण केली असती तर ती वाचली असती. आता ही खूण मी प्रत्येक प्रकल्पात सर्वांत आधी करतो, आणि त्याहीपुढे जाऊन दर वेळी तारखेच्या नावाचे नवे फोल्डर करून स्वतंत्र प्रत घेतो.

हे फोल्डर ड्राइव्हच्या अगदी मुळाशी आणि आखूड नावाचे असावे. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह वेबच्या पत्त्यात नऊ चिन्हांचे होते. ‘बोंडअळी’ या शब्दात काना-मात्रा आणि अनुस्वार धरून सात चिन्हे आहेत, म्हणजे एवढा एक शब्द ६३ चिन्हांचा. विंडोजमध्ये फाइलच्या पूर्ण मार्गाला सामान्यतः २६० चिन्हांची मर्यादा असल्याने मराठी शीर्षकांचे लांब पत्ते तिला सहज जाऊन भिडतात. ब्लॉगस्पॉटवर नेमके उलटे घडते: शीर्षक केवळ देवनागरीत असेल तर पत्त्यात ‘ब्लॉग पोस्ट’ आणि एक आकडा एवढेच उरते, त्यामुळे फाइलच्या नावावरून लेख ओळखता येत नाही. अशा ब्लॉगसाठी शीर्षक आणि फाइल यांची जोडयादी करून ठेवावी.

तपासणी

उतरवणे संपल्यावर नोंदीची फाइल उघडून त्रुटी वाचाव्यात. ४०४ म्हणजे पान मुळातच नाही. ४२९ किंवा ५०३ वारंवार दिसत असतील तर आपण फार वेगाने मागत होतो, तेव्हा वेग कमी करून काम पुन्हा चालवावे. त्यानंतर इंटरनेट पूर्ण बंद करावे आणि उतरलेल्या प्रतीतील सर्वांत जुना लेख, मधला एखादा लेख, एक मोठे छायाचित्र आणि एक पीडीएफ उघडून पाहावी. इंटरनेट चालू ठेवून केलेल्या तपासणीत मूळ सर्व्हरवरची चित्रे दिसतात आणि आपली प्रत पूर्ण असल्याचा भास होतो.

जी पाने खाली सरकवत गेल्यावरच भरतात, ती या पद्धतीने नीट येत नाहीत. त्यांच्यासाठी आर्काइव्हवेब डॉट पेज हे क्रोम ब्राउझरचे विस्तारक वापरून प्रत्येक पान स्वतः उघडावे. तसेच एचटीट्रॅक पानांतील दुवे बदलतो, म्हणून मूळ पान जसेच्या तसे हवे असेल तर वार्क या साठवण प्रकारात प्रत घ्यावी. त्याला २००९ पासून आयएसओ २८५०० हे मानक आहे, आणि डब्ल्यूगेट हा कमांडवर चालणारा जीएनयूचा प्रोग्राम तशी प्रत करून देतो. महत्त्वाची चार-दोन पाने इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनलाही देऊन ठेवावीत.

तयार प्रत दोन डिस्कवर ठेवावी आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि टिनाच्या छपराखालची खोली दुपारी भट्टीसारखी तापते. म्हणून त्या दोन महिन्यांत क्रॉलर फक्त रात्री चालवतो, आणि डिस्क जाड मातीच्या भिंतीतील कोनाड्यात, नोंदवहीशेजारी ठेवतो. नोंदवहीत संकेतस्थळाचा पत्ता, तारीख, वापरलेले नियम, फॉन्टचे नाव, परवानगी देणाऱ्याचे नाव आणि न उतरलेल्या पानांची यादी असते.