धंद्याआधी गिऱ्हाइकाशी कसं बोलावं

निवडलेल्या पालेभाज्या विकायच्या असं ठरवलं तेव्हा मी चाळीस बायकांना विचारलं होतं, ‘निवडून, धुऊन, चिरून मेथी-शेपू घरपोच मिळाली तर घ्याल?’ अडतीस जणी ‘हो’ म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात सहा पाकिटं खपली, त्यातली दोन नणंदेने घेतली. उरलेली मेथी आम्ही पराठ्यांत घालून संपवली. त्यानंतर डबा झाला, दिवाळीचा फराळ झाला, आता सोललेल्या डाळिंब्या, म्हणजे मोड आणून सोललेले वाल, आहेत. हे बोलणं कसं करायचं ते त्या मेथीने शिकवलं.

कुणाशी बोलायचं

नातेवाईक नकोत. सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नको. गूगल फॉर्म तर नकोच. तिथे माणूस ‘कधीकधी’वर खूण करतो आणि सुटतो. तुम्ही जी अडचण सोडवू पाहताय ती ज्याला गेल्या पंधरा दिवसांत खरोखर आली, तोच माणूस हवा. नंतर मी संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी उभी राहायला लागले. मेथीची जुडी उचलून परत खाली ठेवणारी बाई दिसली की तिला गाठायचं. (गाडीवाल्याला आधी सांगून ठेवा. नाहीतर त्याला वाटतं, महापालिकेचं कुणी आलं.) फराळाचं विचारायचं तर दिवाळी संपल्या संपल्या. मे महिन्यात विचारलंत तर लोक फराळाच्या नव्हे, दिवाळीच्या आठवणी सांगतात. परदेशातल्या मंडळींचंही तेच. पार्सलातून चकल्यांचा चुरा निघाल्याचा राग ताजा असतो तेव्हा फोन करा.

एका वेळी एकीशीच बोला. मैत्रिणी जोडीने असल्या की दुसरी पहिलीचीच री ओढते. बारा-पंधरा जणी झाल्या आणि तेच ते ऐकू यायला लागलं की थांबा.

विचारायचं काय

माझं घोडं इथे अडलं होतं. आपल्याकडे कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं जिवावर येतं. बिचारी एवढ्या उत्साहाने सांगतेय, तिचा हिरमोड कशाला, म्हणून माणसं भिडेखातर ‘हो, घेऊ की!’ म्हणतात. ती खोटं बोलत नसतात. त्या क्षणी त्यांना खरंच तसं वाटत असतं. तेव्हा ‘घ्याल का’, ‘आवडेल का’, ‘किती द्याल’ हे तिन्ही प्रश्न बाद. ‘असं असतं तर’ अशी सुरुवात असलेलाही बाद. उद्याचं काही विचारूच नका, कालचं विचारा. दुसऱ्या खेपेला मी हे विचारलं:

‘काकू, घरात शेवटची पालेभाजी कधी झाली?’
‘कुणी निवडली? कुठे बसून?’
‘त्यानंतर ज्या दिवशी पालेभाजी करायची राहून गेली, त्या दिवशी जेवायला काय होतं? ते आणायला किती गेले?’

‘कुठे बसून’ हा प्रश्न खुळचट वाटतो, पण सगळा उलगडा त्यानेच झाला. बऱ्याच घरी सासूबाई संध्याकाळी मालिका बघत निवडतात. तिथे ते काम नव्हतंच, विरंगुळा होता. ज्यांच्या घरी वडीलधारं कुणी नाही त्यांनी पोळ्यांच्या मावशींना जास्तीचे पैसे देऊन निवडण्याचं काम लावलं होतं. चिरलेल्या मेथीबद्दल तर सगळ्यांचं एकमत: काळी पडते, आणि कधी चिरलीय कोण जाणे. चाळीस जणींनी यातलं एक अक्षर मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. आणि डाळिंब्यांचा विषय मी काढला नसताना तिघींनी काढला. वाल भिजवा, मोड आणा, मग सोलत बसा. त्यातल्या दोघी गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून सोललेल्या आणत होत्या. आधीच पैसे मोजणारं, वर पायपीट करणारं माणूस भेटलं की कान टवकारायचे.

आपली कल्पना आधी सांगू नका. मी पहिल्या दोन मिनिटांत सगळं ओकून टाकायचे आणि मग उरलेला वेळ स्वतःचं कौतुक ऐकत बसायचे. कुणी विचारलंच तर ‘अजून काही ठरलं नाही, शेवटी सांगते’ एवढं पुरतं. ‘आम्ही नेहमी करतो’ असं उत्तर आलं तर लगेच: ‘या आठवड्यात कितींदा?’ नेहमीचं मग एकदा होतं, कधी शून्यही.

आणि उत्तर संपलं की गप्प राहा. मनात पाच अंक मोजा. फार अवघडल्यासारखं होतं, मला अजून होतं. पण पहिलं वाक्य आपल्याला बरं वाटावं म्हणून असतं, खरं ते दुसऱ्यात येतं.

टिपण

वहीत, त्यांच्याच शब्दांत. रेकॉर्डिंग लावलं की बायका सभेत बोलल्यासारखं बोलतात. ‘कल्पना छान आहे’ हे लिहून घ्यायचं नाही.

शेवटी पैसे मागा

मागायला लाज वाटते, तरी मागा. डाळिंब्यांच्या वेळी मी वही मिटून म्हणायचे, ‘शनिवारी पाव किलो देईन. शंभर रुपये आत्ता द्याल?’ ‘बघू, कळवते’ म्हणजे नाही. ‘यांना विचारून सांगते’ म्हणजेही नाही. दुसरीचा नंबर स्वतःहून दिला तर अर्धं हो. चौदा जणींपैकी पाच जणींनी पर्स उघडली, आणि तेवढ्यावर मी वाल भिजवले. त्या शुक्रवारी सव्वा किलो सोलून होईतो रात्रीचा एक वाजला. निवडायला तयार असलेल्या सासूबाई आमच्या घरीही आहेत, हे मला तेव्हा आठवलं.