रस्त्यालगतच्या शेतात जनावरांसाठी कुंपण: दिवाळीपूर्वी करावयाची कामे

परतीचा पाऊस ओसरून जमिनीला वाफसा (कामाजोगी ओल) आला की खांबांसाठी खड्डे घेणे सोपे जाते. उन्हाळ्यात काळी जमीन कडक होऊन भेगाळते आणि पावसाळ्यात घेतलेला खड्डा पाण्याने भरतो, म्हणून कुंपणाचे काम नवरात्रापासून दिवाळीपर्यंत उरकावे. याच दिवसांत खरिपाची काढणी संपून रिकाम्या रानात गुरे-शेळ्या चरायला सोडल्या जातात, संध्याकाळी फटाके वाजू लागतात आणि साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्याने धावतात. रस्त्यालगत गोठा किंवा चराऊ पट्टी असलेल्या प्रत्येक शेतकऱ्याने आपले कुंपण या दृष्टीने तपासून पाहावे.

दोन शेतांमधले कुंपण जनावर पिकात शिरू नये एवढ्यासाठी असते. शांतपणे चरणारे जनावर तिथे दोन तारांनीही थांबते, आणि नाही थांबले तर पिकाचे नुकसान होते. रस्त्याच्या कडेला मात्र ट्रकचा हॉर्न, फटाका किंवा कुत्र्यांची टोळी यांमुळे भेदरून अंधारात धावत सुटलेले जनावर अडले पाहिजे, कारण ते अडले नाही तर त्याच्यासोबत एखाद्या दुचाकीस्वाराचाही जीव जाऊ शकतो. त्यामुळे कुंपण निवडताना दिवसा ते पुरेसे वाटते का एवढेच पाहू नये. रात्री धावत येणाऱ्या जनावराला ते दिसेल का आणि त्याचा धक्का सोसेल का, हे विचारावे. जनावरापासून माणसाच्या जिवाला संभवणारा धोका टाळण्यात निष्काळजीपणा करणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रस्त्यावर मोकाट फिरणारी गुरे 1871 च्या गुरे अतिक्रमण अधिनियमानुसार कोंडवाड्यात नेली जाऊ शकतात, ते वेगळेच.

साहित्य आणण्यापूर्वी हद्द पक्की करावी. डांबराच्या कडेपासून बाहेरची बरीच पट्टी रस्त्याच्या मालकीची असते, आणि रुंदीकरणासाठी जमीन संपादित झाली असेल तर जुन्या बांधावर विसंबून चालत नाही. कमी-जास्त पत्रकाप्रमाणे (संपादनानंतर क्षेत्रात झालेला बदल नोंदवणारे भूमी अभिलेखाचे पत्रक) सातबाऱ्यावरील क्षेत्र दुरुस्त झाले आहे का ते पाहावे, शंका असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्यावी आणि कुंपण हद्दीच्या दगडांपासून थोडे आतच घ्यावे. कडेने गेलेल्या पाण्याच्या वाहिन्या आणि दूरसंचार केबलींची चौकशीही खड्डे घेण्याआधीच करावी.

स्वस्त आणि सर्वत्र मिळणारी म्हणून काटेरी तार सर्वाधिक वापरली जाते, पण रस्त्याच्या बाजूला गुरांसाठी ती एकटी वापरू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. काट्याची भीती शांत जनावराला वाटते. भेदरलेले जनावर तारेत घुसते, कास किंवा पाय फाडून घेते आणि सैल तार घेऊन थेट रस्त्यावर येते. त्याऐवजी जस्ताचा मुलामा असलेल्या साध्या तारेचे पाच पदर घट्ट ताणून लावावेत, किंवा ऐपत असल्यास चेन लिंक जाळी लावावी. माणसांना अडवण्यासाठी काटेरी तार हवीच असेल, तर ती जाळीच्या वर एक पदर, रस्त्याच्या बाजूला घ्यावी.

खिलार जात मुळातच तापट आणि चपळ असल्याने अशा बैलांसाठी उंची साडेचार फुटांपेक्षा कमी ठेवू नये. म्हैस उडी मारत नाही, पण अंग घासून खांब हलवते, आणि पंढरपुरी म्हशीची लांब शिंगे मोठ्या छिद्रांच्या जाळीत अडकतात. तिथे खांब मजबूत आणि जाळी बारीक हवी. खरी परीक्षा शेळीची असते. उस्मानाबादी शेळी जाळीवर पुढचे पाय टेकवून ती वाकवते, खालच्या फटीतून अंग काढते आणि सहा इंचांच्या चौकोनात शिंगांसकट डोके अडकवून घेते. तिच्यासाठी दोन ते तीन इंच छिद्रांची जाळी जमिनीला टेकवून लावावी आणि खालच्या कडेने एक तार ओवून घ्यावी. मेंढ्या रात्री वाघरीत, म्हणजे खुंट्यांना बांधलेल्या दोरीच्या जाळ्यात, बसवताना वाघूर रस्त्यापासून दूर, शेताच्या आतल्या बाजूला ठोकावी. कळप बिथरून एका बाजूला लोटला तर ती टिकत नाही.

सात फुटी खांब दोन फूट पुरला की पाच फूट वर राहतो. खोल काळ्या जमिनीत माती फुगते आणि आकसते, त्यामुळे खांब कलतात; तिथे आठ फुटी खांब घेऊन तो अधिक खोल पुरावा आणि खड्ड्यात मुरूम ठोकून भरावा. तीनशे फुटांच्या सरळ कडेला दर दहा फुटांवर एक याप्रमाणे 31 खांब लागतात आणि पाच पदरांना दीड हजार फूट तार. गाठी आणि ताण यांसाठी दहा टक्के जास्त धरावी. कोपऱ्यावरच्या व फाटकाच्या खांबांना तिरके आधार दिलेच पाहिजेत, कारण तारांचा सगळा ताण तिथे येतो. खांबांवर पांढरे पट्टे आणि रस्त्याच्या बाजूला रेडियम लावावे.

कुंपणाच्या तारेत विजेचे क्षणिक झटके सोडणारे सौर झटका मशीन उपयुक्त आहे, पण बॅटरी उतरली किंवा पावसाळ्यानंतर वाढलेले गवत तारेला टेकले की झटका कमी होतो. म्हणून मुख्य कुंपणाच्या आतल्या बाजूने तिची एक तार घ्यावी. त्यामुळे जनावरे जाळीला अंग घासत नाहीत. काटेरी तारेत हा प्रवाह कधीही सोडू नये, आणि रस्त्याच्या बाजूने ठिकठिकाणी किमान 10 बाय 20 सेंटीमीटरच्या पिवळ्या सूचनापाट्या लावाव्यात. घरगुती किंवा शेतीपंपाची वीज थेट तारेत सोडणे हा गुन्हा आहे. तसे केल्याने शेतकऱ्यांच्या स्वतःच्या घरातली माणसे दगावली आहेत, म्हणून हे कोणत्याही सबबीखाली करू नये.

सजीव कुंपण कायमचे आणि कमी खर्चाचे असते, मात्र लागवड पावसाच्या सुरुवातीला करावी लागते आणि ते भरायला काही वर्षे जातात. तोवर आत तारेचे कुंपण ठेवून बाहेर सागरगोटा, चिलार, करवंद किंवा घायपात लावावी. कुंपणाला शेर हे झुडूपही लावतात, पण त्याचा चीक डोळ्यांना घातक आहे. महामार्गांच्या दुभाजकांत शोभणारी कण्हेर गोठ्याजवळ लावू नये, कारण छाटून वाळलेली तिची पानेही जनावराला मारतात. वळणावर आणि फाट्याजवळ कुंपण छाटून कमी उंचीचे ठेवावे, म्हणजे समोरून येणारे वाहन दिसते.

ओढा किंवा नाला ओलांडताना जाळीखाली पाण्याने खोदलेली फट राहते. तिथे जाळी पक्की न बांधता वरच्या तारेला झुलती टांगावी. फाटक बारा फुटांचे, आतल्या बाजूला उघडणारे आणि रस्त्यापासून इतके आत असावे की ट्रॅक्टर आणि ट्रॉली रस्त्यावर न थांबता त्यासमोर पूर्ण मावतील. कडी जनावराला तोंडाने उचलता येते, म्हणून साखळी आणि कुलूप लावावे. फाटकावर मोबाइल क्रमांक ठळक रंगवावा, म्हणजे रात्री तार तुटलेली किंवा जनावर बाहेर आलेले दिसल्यास वाटसरू लगेच कळवू शकतो.