पहिला बँड चुकवायचा नाही : गिगच्या रात्रीची तयारी

गिगची, म्हणजे बँडच्या लाइव्ह कार्यक्रमाची, तिकिटं काढून झाली की बहुतेक ग्रुपची तयारी संपते. मग उरते ती फक्त "किती वाजता भेटायचं?" ही चर्चा, आणि ती सगळे जण पोस्टरवरच्या सगळ्यात मोठ्या अक्षरांतल्या नावाकडे बघून करतात. तीन-चार बँड असलेली रात्र चार-पाच तासांची असते. त्यातला मोठ्या अक्षरांतला बँड वाजवतो तास-दीड तास. बाकीच्या तीन तासांत आपण कुठे उभे असू, काय ऐकू, कोणाशी बोलू, याचा विचार कोणी केलेला नसतो. ही यादी मुख्यतः त्या तीन तासांसाठी आहे.

आधी माणसं. चार ते सहा जण हा आकडा बरा. दहा झाले की आत गेल्यावर दोन-दोनच्या जोड्या पडतात आणि रात्र एकमेकांना शोधण्यात जाते. तिकिटं एकाने काढली असतील तर आदल्या दिवशीच ज्याची त्याला पाठवून ठेवा. सगळ्यांची तिकिटं एकाच फोनवर असली की तो उशिरा आल्यावर सगळेच दारात ताटकळतात. काही तिकिटांवरचा कोड थोड्या थोड्या वेळाने बदलत राहतो, तिथे स्क्रीनशॉट दाखवून काम भागत नाही. वयाची अट, ओळखपत्र, बॅगेचा आकार, एकदा बाहेर पडल्यावर परत आत सोडतात की नाही, हे सगळं तिकिटावर बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ग्रुपमध्ये एक तरी माणूस असं बारीक वाचणारा असतोच. ते काम त्याच्याकडे द्या, तो खूशही होईल.

मग ऐकण्याचा गृहपाठ. आमच्यात पद्धत अशी आहे की प्रत्येकाने एकेक बँड वाटून घ्यायचा, त्याची दोन गाणी निवडायची आणि बाकीच्यांना पाठवायची. दोनच. आठ पाठवली तर कोणी ऐकत नाही. शक्यतो स्टुडिओतलं नाही, लाइव्ह रेकॉर्डिंग निवडा, म्हणजे गायकाला तो वरचा सूर खरंच लागतो की नाही ते आधीच कळतं. मोठ्या बँडची सेटलिस्ट, म्हणजे कुठली गाणी कुठल्या क्रमाने वाजवणार त्याची यादी, आधी शोधून वाचायची की नाही यावर आमच्यात कायमचे दोन तट आहेत. मी न वाचणाऱ्यांतला. पण वाचणाऱ्याने निदान "आता ते वाजवणार बघ" असं आधीच सांगू नये, एवढी माफक अपेक्षा.

हा गृहपाठ सुरू झाला एका फजितीमुळे. एकदा आम्ही बाहेर गप्पा मारत बसलो, "पहिल्या बँडला कोण जातं" म्हणत. एक मित्र कंटाळून एकटाच आत गेला. आम्ही पोचलो तेव्हा तिघांचा तो बँड केबल गुंडाळत होता आणि हा मित्र भिंतीला टेकून, भूत बघितल्यासारखा उभा होता. त्या बँडने नंतर कधी काही रेकॉर्ड केलं नाही. त्या अर्ध्या तासाबद्दल तो आजही सांगतो, आम्ही माना डोलावतो. दुसरं काय करणार?

वेळापत्रकात दोन वेळा वेगळ्या लिहून घ्या: दारं उघडण्याची आणि पहिला बँड स्टेजवर येण्याची. रांग, तपासणी, कोट-बॅगा जमा करणं यात अर्धा तास सहज जातो. दोन बँडच्या मध्ये वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो, आणि उशीर होत गेला की तो सगळा साचून शेवटच्या बँडवर येतो. 1969 च्या वुडस्टॉक या अमेरिकेतल्या संगीत महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा कार्यक्रम रविवारी रात्री व्हायचा होता. प्रत्यक्षात तो सोमवारी सकाळी झाला, तोवर बहुतेक गर्दी घरी निघून गेली होती. आपल्याकडे इतकं होणार नाही, पण शेवटची गाडी चुकली तर काय करायचं हे दुपारीच ठरवून ठेवा. गाडी चालवणारा कोण, तो पिणार नाही ना, हेही तेव्हाच. रात्री साडेबाराला, सगळ्यांचे कान बधिर असताना असले निर्णय चांगले होत नाहीत.

आता कान. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण यादीतली सगळ्यात जास्त विसरली जाणारी वस्तू इअरप्लग हीच. कामाच्या जागच्या आवाजाचा एक प्रचलित हिशोब असा: 85 डेसिबल आवाजात आठ तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 88 ला चार तास, 91 ला दोन, असं करत 100 ला पोचलो की उरतात पंधरा मिनिटं. गिगमध्ये 100 डेसिबल म्हणजे काही विशेष नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये अशा ठिकाणांसाठी मर्यादा सुचवली तीही पंधरा मिनिटांच्या सरासरीने 100 डेसिबलचीच. 1976 मध्ये लंडनच्या चार्लटन मैदानावर 'द हू' या बँडचा आवाज 32 मीटरवरून 126 डेसिबल मोजला गेला आणि गिनीजने त्याचा विक्रम म्हणून गौरव केला. पुढे लोकांनी कान फोडून घेऊ नयेत म्हणून गिनीजने तो प्रकारच बंद केला. आतल्या कानातल्या केसांसारख्या बारीक पेशी एकदा मेल्या की माणसात त्या परत उगवत नाहीत.

इअरप्लग दोन तऱ्हेचे. फोमचे स्वस्त असतात, पण ते वरचे स्वर जास्त खातात. झांजा आणि गायकाचे शब्द गोधडीखालून आल्यासारखे वाटतात. फिल्टरवाले थोडे महाग, पण सगळे स्वर जवळजवळ सारखेच खाली आणतात. पंधरा डेसिबल जरी कमी झाले तरी वरच्या हिशोबाने 100 चे 85 होतात, म्हणजे पंधरा मिनिटांचे आठ तास. फोमचा घालण्याची एक पद्धत आहे आणि ती नव्वद टक्के लोक करत नाहीत, हा माझा आपला अंदाज. प्लग बोटांत वळून वातीसारखा बारीक करायचा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, म्हणजे कानाची नळी सरळ होते. प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत, वीस-तीस सेकंद, बोटाने धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी खोचला तर तो कानातला दागिना होतो, बाकी काही नाही. एक जोडी जादा ठेवा. कोणीतरी विसरून येतंच, आणि मग कागदाचे बोळे कोंबतं, ज्यांनी फारसा फरक पडत नाही.

कपड्यांबद्दल फार बोलायला नको. आत गरम होतं, बाहेर गार लागतं. बूट बंद आणि जुने हवेत, कारण कोणीतरी पायावर पाय देणार. बॅग नेऊच नका, खिशात मावेल तेवढंच. फोन पूर्ण चार्ज, एक छोटी पॉवर बँक, थोडी रोख. पोटभर जेवून निघा. पाणी आत कुठे मिळतं ते बघून ठेवा. आणि भेटायची एक जागा ठरवा, फोन लागणार नाही असं धरून. हजारो लोक एकाच वेळी व्हिडिओ पाठवायला लागले की नेटवर्क बसतं. "स्टेजच्या डावीकडे" ही काही जागा नव्हे. खांब, जिना, बॅगा ठेवायचं काउंटर, असं न हलणारं काहीतरी सांगा.

आत शिरल्यावर पहिलं काम म्हणजे दुसरं दार शोधणं. हे ऐकून मित्र हसतात, हसू देत. 2003 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' नावाच्या क्लबमध्ये स्टेजवरच्या आतषबाजीने भिंतीवरच्या फोमला आग लागली आणि 100 माणसं गेली. इतर दारं असतानाही बरेच जण ज्या दारातून आत आले त्याच पुढच्या दाराकडे धावले आणि तिथे अडकले. दार बघायला दहा सेकंद लागतात. बघून झालं की विसरून जा आणि मजा करा.

उभं कुठे राहायचं हा खरा रसाचा विषय. अगदी पुढे, कठड्याला टेकून उभं राहिलं की घामाचे थेंब दिसतात, बोटं दिसतात, पण आवाज बहुधा बिघडलेला असतो. मोठे स्पीकर डोक्यावरून मागच्या लोकांकडे रोखलेले असतात. पुढच्या रांगेत ऐकू येतात ते गिटारवाल्यांचे स्टेजवरचे स्पीकर (अँप) आणि ड्रम, आणि गायक हवेत नुसतं तोंड हलवत असतो. नीट मिसळलेला आवाज हवा असेल तर मिक्सरवर, म्हणजे सगळ्यांचे आवाज कमी-जास्त करून मिसळायच्या यंत्रावर, बसलेल्या माणसाच्या आसपास उभे राहा. तो स्वतःच्या कानाला जे बरं वाटेल तेच सगळ्यांना वाढत असतो. बेसची आणखी गंमत आहे. डाव्या-उजव्या सब-वूफरचा (फक्त खालचे जाड स्वर वाजवणाऱ्या स्पीकरचा) आवाज हॉलच्या मध्यरेषेवर एकाच वेळी पोचतो आणि तिथे बेस छातीत बसतो. तिथून चार पावलं बाजूला सरकलात तर काही सूर अचानक गायब होतात. पहिल्या बँडच्या वेळी जागा मोकळी असते, तेव्हा हा खेळ करून बघा. मोठ्या मैदानात मागे असाल तर आणखी एक दिसेल: आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, त्यामुळे 100 मीटरवरून ड्रमरची काठी आधी खाली येताना दिसते आणि ठोका नंतर येतो. आमचं ठरलेलं आहे. पहिला बँड पुढून, मधला मिक्सरपाशी, शेवटचा ज्याला जिथे वाटेल तिथून.

पहिल्या बँडच्या पहिल्या गाण्यावरून आवाजाला नावं ठेवू नका. साउंडचेक, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज जुळवून बघणं, सहसा उलट्या क्रमाने होतो: शेवटचा बँड दुपारी आधी करतो, आणि पहिल्याच्या वाट्याला दारं उघडायच्या आधीची धावपळीची दहा मिनिटं येतात. शिवाय हॉल रिकामा असताना आवाज घुमतो. माणसं भरली की तीच आवाज शोषून घेतात आणि मग तो नीट ऐकू येतो. म्हणजे तुम्ही लवकर गेलात तर त्या बँडचा आवाजही सुधारतो, हा हिशोब मला फार आवडतो.

मधल्या अर्ध्या तासात सगळे फोन काढतात. एकदा तरी स्टेजकडे बघा. ड्रमखालच्या गालिच्यावर टेपचे छोटे तुकडे चिकटवलेले असतात, कुठला स्टँड कुठे याच्या खुणा. ड्रमचा मोठा सेट बहुतेक वेळा सगळ्यांत मिळून एकच असतो. ड्रमर आपापला स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम), झांजा, पेडल आणि काही जण बसायचं स्टूलसुद्धा घेऊन येतात. एक जण वाकून फरशीवर सेटलिस्ट चिकटवतो. मग "धप्... धप्... धप्", एकेक माइक तपासला जातो. गिटारवाला पायाने ट्यूनरचं पेडल दाबतो, आवाज बंद होतो आणि तो आपल्यासमोर मुक्यानेच तारा जुळवतो. दोन बँडमधली ही वेळ ग्रुपसाठीही कामाची. दोघांनी पाण्याला जायचं, दोघांनी जागा धरायची, आणि बँडच्या टी-शर्टच्या टेबलावर आत्ताच जाऊन यायचं, कारण शेवटी तिथे रांग लागते आणि आपला साइज संपलेला असतो. छोट्या बँडचं प्रवासाचं इंधन बऱ्याचदा त्या टेबलावरच निघतं.

गर्दीत वागण्याचं थोडं आधी बोलून घ्या. व्हिडिओ काढायचाच तर एका गाण्याचा काढा, फोन छातीच्या उंचीवर धरून. हळू गाण्यात गप्पा नकोत. बोलायचंच असेल तर मित्राच्या कानात ओरडू नका, खुणा पुष्कळ असतात. धक्काबुक्कीच्या नाचात कोणी पडला तर आधी त्याला उचलायचं, नाच नंतर. आणि गर्दी इतकी दाटली की हात वर-खाली करता येत नाहीत, तर गाणं कितीही आवडतं असलं तरी बाहेर पडा. हात छातीसमोर धरा म्हणजे श्वासाला जागा राहते. लाटेविरुद्ध ढकलू नका, ती ओसरली की तिरपं तिरपं कडेला सरका. खाली पडलेला फोन गेला असं समजा.

घरी गेल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर बहुधा प्लग नीट बसला नव्हता. ती बहुतेकदा एक-दोन दिवसांत जाते. नाही गेली तर कानाच्या डॉक्टरकडे, आणि हे पुढे ढकलू नका.

बाहेर पडताना मुख्य दारावरची गर्दी ओसरेपर्यंत थांबा. बऱ्याच ठिकाणी मागच्या बाजूला पहिला बँड स्वतःच आपलं सामान गाडीत भरत असतो. ड्रमर झांजांच्या पिशव्या उचलतो आहे, गिटारवाली दार धरून उभी आहे. ते दमलेले असतात, पण तुमच्यासारख्या सहा जणांनी येऊन "तुमचं तिसरं गाणं कुठलं होतं?" असं विचारलं तर थांबतात. त्या गाण्याला अजून नाव दिलेलं नाही, असं उत्तर मिळण्याची बरीच शक्यता आहे.