बॅकअप सर्व्हर हातात आलाय? आधी पुसायला शिका

नोकरीला नव्याने लागलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे बॅकअप सर्व्हर येतो, कारण जुन्यांना तो नको असतो. वेबसाइट वेगवान केली तर चारजण नाव घेतात. बॅकअप रोज रात्री नीट झाला तर कुणाला पत्ताही लागत नाही. मी पुण्यात छोट्या-मध्यम ऑफिसांचे सर्व्हर सांभाळतो: पतसंस्था, सीएंची ऑफिसं, दवाखाने, एमआयडीसीतले कारखाने. आमच्याकडेही नव्या माणसाला पहिलं काम हेच मिळतं, आणि माझ्या मते ते चांगलंच आहे. डिस्क, परवानग्या, डेटाबेस, शेल स्क्रिप्ट, नेटवर्क आणि ग्राहकाशी बोलणं, हे सगळं एकत्र शिकवणारी दुसरी जागा मला तरी माहीत नाही.

पहिल्या आठवड्यात कशालाही हात लावू नका, फक्त वाचा. रूटचा (सगळे अधिकार असलेल्या युजरचा) क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी, बाकी युजरांचे क्रॉनटॅब, क्रॉनच्या फोल्डरांत पडलेल्या स्क्रिप्ट, आणि तेच काम करणारे सिस्टमडीचे टायमर. कधीच सोडून गेलेल्या माणसाच्या लॉगिनखाली जॉब चालू असलेले सापडतात, आणि नेमका महत्त्वाचा डेटाबेस त्याच जॉबमध्ये असतो. जे दिसेल ते एका तक्त्यात उतरवा: कुठून, कुठे, किती वाजता, किती वेळ लागतो, जुन्या प्रती कोण पुसतं आणि कशाच्या आधारावर. शेवटच्या रकान्यात बहुतेकदा प्रश्नचिन्ह येतं. मला जे सांगायचंय ते मुख्यतः त्या रकान्याबद्दल आहे.

एका ग्राहकाचा सर्व्हर आमच्याकडे आला तेव्हा बॅकअपचं फोल्डर बघून कुणालाही बरं वाटलं असतं. रोज मध्यरात्रीनंतरची एक फाईल, नावात तारीख, सगळ्या ओळीने लागलेल्या. फक्त आकाराच्या रकान्यात प्रत्येकीपुढे एकच आकडा होता: २०. मेगाबाइट नाही, बाइट.

झालं असं होतं की कुणीतरी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. डेटाबेसची प्रत, म्हणजे डंप, काढणाऱ्या ‘मायएसक्यूएलडंप’ला आत शिरता येईना, म्हणून तो एरर देऊन बंद व्हायचा. पण त्याचं आउटपुट पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणाऱ्या जोडणीतून) फाईल दाबून लहान करणाऱ्या ‘जीझिप’कडे जात होतं. जीझिपच्या हाती काहीच आलं नाही, तरी त्याने इमानेइतबारे फाईल बनवली: १० बाइटचं हेडर, २ बाइटचा रिकामा मजकूर, ८ बाइटची शेपटी. पाइपलाइन यशस्वी झाली की नाही हे बॅश (स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) शेवटच्या कमांडवरून ठरवतं. शेवटी जीझिप होता आणि त्याच्या बाजूने सगळं ठीक होतं. लॉगमध्ये रोज ‘बॅकअप ओके’.

इथवर काही बिघडलं नव्हतं, जुन्या चांगल्या प्रती शिल्लक होत्या. पण स्क्रिप्टच्या शेवटी ती सगळीकडे दिसणारी ओळ होती: फायली शोधणारी ‘फाइंड’ कमांड लावून सात दिवसांपेक्षा जुन्या फायली डिलीट. रोज एक रिकामी फाईल यायची आणि रोज एक भरलेली जायची. आठवडाभरात सगळा साठा २० बाइटवाल्यांचा. क्लीनअपने आपलं काम अगदी चोख केलं होतं! मूळ डेटाबेस शाबूत होता म्हणून त्या ग्राहकाचं निभावलं.

(फाइंडबद्दल जाता जाता: तिथे ‘अधिक सात’ लिहिलं की सात दिवस उलटले रे उलटले की फाईल जाते असं वाटतं. तसं नाही. ते वय पूर्ण चोवीस तासांच्या तुकड्यांत मोजतं आणि वरचा अपूर्णांक सोडून देतं, त्यामुळे फाईल जाते ती आठ दिवस पूर्ण झाल्यावर. डिस्कचा हिशोब घट्ट असेल तर हा एक दिवस नडतो.)

म्हणून आमच्याकडे नवीन आलेल्याला पहिली स्क्रिप्ट पुसण्याची लिहायला लावतो, बॅकअप घेण्याची नाही. अट एकच: वय बघून पुसायचं नाही, तपासून चांगल्या ठरलेल्या प्रती मोजून पुसायचं. डंप आधी तात्पुरत्या नावाने लिहायचा. मग एकेक तपासणी. ‘पाइपफेल’ चालू ठेवलं की पाइपमधली कुठलीही कमांड पडली तरी अपयश धरलं जातं. जीझिपची स्वतःची चाचणी चालवायची. डंपच्या शेवटच्या ओळीत ‘डंप कम्प्लीटेड’ आलंय का बघायचं. कॉमेंट बंद केलेल्या नसतील तर मायएसक्यूएलडंप पूर्ण झाल्यावरच ती ओळ लिहितो, मध्येच कनेक्शन तुटलं तर नाही. आकार कालच्या निम्म्याहून कमी असेल तर थांबून माणसाला विचारायचं. हे सगळं पार पडलं की मगच फाईलला पक्कं नाव द्यायचं. पक्क्या नावाच्या ठरलेल्या संख्येइतक्या प्रती हातात असतील तरच त्यापलीकडच्या जुन्या प्रतीला हात लावायचा.

तपासणी नापास झाली तर? पुसणं बंद. डिस्क भरू द्या. नव्या लोकांना हे पटत नाही, डिस्क भरणं म्हणजे आपली नाचक्की असं त्यांना वाटतं. पण भरलेली डिस्क बोंब मारते, कुणीतरी लॉगिन करून बघतं, आणि तोवर जुनी प्रत जागेवर असते.

पुसण्याच्या स्क्रिप्टबद्दल आणखी एक प्रकरण ऐकून ठेवा. डिसेंबर २०२१ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठाच्या सुपरकंप्युटरवरून सुमारे ७७ टेराबाइट, म्हणजे ३.४ कोटींच्या आसपास फायली उडाल्या. १४ संशोधन गटांना झळ बसली, त्यातल्या चारांचा डेटा परत मिळू शकला नाही. व्हायरस नव्हता, हॅकरही नव्हता. दहा दिवसांपेक्षा जुने लॉग पुसणारी एक स्क्रिप्ट होती, बॅकअपच्याच कामातली. तिची सुधारलेली आवृत्ती जुनी चालू असतानाच तिच्या जागी ठेवली गेली. बॅश स्क्रिप्ट सगळी एकदम वाचून घेत नाही, चालता चालता पुढचं वाचतं. त्यामुळे ते नव्या फाइलच्या मधूनच सुरू झालं, फोल्डरचं नाव धरून ठेवणारं व्हेरिएबल रिकामंच राहिलं, आणि लॉगच्या फोल्डरऐवजी थेट संशोधकांच्या फायलींवर फाइंड फिरलं.

यातून उचलायच्या सवयी साध्या आहेत. स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट’ला ‘यू’ लावा, म्हणजे न भरलेलं व्हेरिएबल दिसताच ती थांबेल. चालू स्क्रिप्टची फाईल जागेवर बदलू नका. बाजूला नवी बनवून नाव बदला. दोन फेऱ्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून ‘एफलॉक’ लावा. आणि नवा पुसण्याचा नियम काही रात्री फक्त यादी छापू दे, सकाळी चहाबरोबर ती वाचा, मग डिलीट चालू करा.

आता किती ठेवायचं. आजा-बाप-लेक पद्धत सगळीकडे सांगतात: ७ रोजच्या, ४ आठवड्यांच्या, १२ महिन्यांच्या प्रती. सुरुवातीला ठीक आहे. पण खरा आकडा ग्राहकाला एक प्रश्न विचारल्याशिवाय मिळत नाही: “साहेब, तुमच्याकडे एखादी चूक झाली, तर ती लक्षात यायला जास्तीत जास्त किती दिवस जातात?” दवाखान्यात दुसऱ्या दिवशी कळतं, पेशंट समोर उभा असतो. सीएच्या ऑफिसात एप्रिलमध्ये चुकून उडालेलं लेजर सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटच्या धावपळीत सापडतं. तिथे सात दिवसांच्या प्रतींचा काय उपयोग? ३१ मार्चची प्रत वेगळी काढून ठेवा, ती कुठल्याच आपोआप पुसण्याच्या कचाट्यात येऊ देऊ नका.

कायद्याचे आकडेही माहीत असू द्यात, कारण ग्राहक तुम्हालाच विचारणार. कंपनी कायदा २०१३ नुसार हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून इलेक्ट्रॉनिक हिशोबांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज ठेवणं कंपन्यांना बंधनकारक आहे. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था सर्ट-इन हिच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टमचे लॉग १८० दिवस. मात्र आठ वर्षं नोंदी ठेवायच्या म्हणजे आठ वर्षांचे रोजचे बॅकअप ठेवायचे असं नाही. वर्षअखेरीचा संग्रह वेगळा, बॅकअप वेगळा. दोन्ही एकाच फोल्डरात कोंबले की पुसण्याचा कुठलाच नियम धड लागत नाही.

कुठलं साधन वापरावं यावर तासन्‌तास वाद होतात, मी त्यात पडत नाही. रेस्टिक किंवा बोर्ग घ्या, दोन्ही चांगली आहेत. एक गोष्ट मात्र दोघांतही नवख्यांना चकवते. रेस्टिकमध्ये ‘फर्गेट’ केलं की यादीतून स्नॅपशॉट (त्या वेळची प्रत) जातो, जागा रिकामी होत नाही. भाडेकरूचं नाव पाटीवरून काढलं, सामान खोलीतच. जागा मोकळी होते ती ‘प्रून’ चालवल्यावर. बोर्गमध्ये १.२ आवृत्तीपासून प्रून केल्यावर वेगळं ‘कॉम्पॅक्ट’ चालवावं लागतं. जुन्या ब्लॉगवरून स्क्रिप्ट उचलली असेल तर ते नसतंच, आणि मग “पुसलं तरी डिस्क भरलेलीच कशी?” म्हणून फोन येतो.

आरसिंक (फायलींची नक्कल करणारं साधन) आणि हार्डलिंकवर (एकाच फाईलला दिलेल्या अनेक नावांवर) चालणारे जुने सेटअप मिळाले तर डिस्कचा वापर दाखवणारी ‘डीएफ’ कमांड दोनदा चालवा, एकदा जागेसाठी आणि एकदा ‘आय’ लावून आयनोडसाठी, म्हणजे प्रत्येक फाईल-फोल्डरला लागणाऱ्या नोंदीसाठी. ईएक्सटी४ या फाईल सिस्टममध्ये आयनोडची संख्या डिस्क फॉरमॅट करतानाच ठरते. रोजच्या प्रतीत लाखो फोल्डरं असतील तर जागा भरपूर शिल्लक दिसत असतानाही ‘डिस्कवर जागा नाही’ असा एरर येतो. नव्या माणसाची अख्खी दुपार यात जाते.

पडताळणीवर मी अंमळ हट्टी आहे. रेस्टिकची साधी ‘चेक’ कमांड फक्त रचना बघते: सूची बरोबर आहे का, तुकडे जागेवर आहेत का. त्या तुकड्यांतला डेटा प्रत्यक्ष वाचायला वेगळा पर्याय द्यावा लागतो. सगळं वाचायला वेळ लागतो, म्हणून रोज एक-सप्तमांश वाचायला लावा. आठवड्यात पूर्ण फेरी होते. आरसिंक तर आपणहून फक्त आकार आणि वेळ जुळवतं, चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) सांगितल्याशिवाय आतलं बघत नाही.

पण हे झालं डिस्कशी बोलणं. महिन्यातून एकदा डेटाबेस दुसऱ्या मशीनवर खराखुरा उभा करा. मूळ जागी नाही, बाजूला. तो चालू होतो का, टेबलांतल्या ओळी मोजा, आणि शेवटच्या बिलाची तारीख बघा. कालची आहे का? चेकसम हिरवा, डंप पूर्ण, रिस्टोअर यशस्वी, आणि शेवटचं बिल गेल्या दिवाळीचं, असंही बघितलंय. ग्राहकाने सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर हलवलं होतं आणि जॉब जुन्याचाच बॅकअप घेत बसला होता. रिस्टोअरला लागलेला वेळही लिहून ठेवा. “किती वेळ लागेल?” हा प्रश्न संकटात पहिल्या मिनिटाला येतो.

लोकांचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण त्यांनी स्वतःच उघडपणे लिहिलं, ते प्रत्येक नव्या माणसाने वाचावं. मुख्य डेटाबेसचं फोल्डर चुकून पुसलं गेलं. बॅकअप शोधायला गेले तर डंप कित्येक दिवस होतच नव्हता, कारण डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप घेणारा प्रोग्राम ९.२ चा. अपयशाचे ईमेल निघत होते, पण ईमेल खरा कुणाचा हे बघणाऱ्या डीमार्कच्या तपासणीत अडकून परत जात होते. शेवटी कामी आली ती एका इंजिनिअरने दुसऱ्याच कारणासाठी सहा तास आधी घेतलेली प्रत. म्हणून अपयश झालं की मेल, अशी रचना करू नका. यश आलं की जॉबने दुसऱ्या मशीनला हाक द्यायची, आणि ठरलेल्या वेळेत हाक आली नाही तर त्या मशीनने ओरडायचं.

रॅन्समवेअरसाठी (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरससाठी) एवढं बघा की मूळ सर्व्हरला बॅकअपवर लिहिता आलं तरी पुसता येणार नाही, किंवा मग बॅकअप सर्व्हरनेच येऊन डेटा ओढून न्यावा. ऑफिसच्या डोमेनचा ॲडमिन पासवर्ड त्यावर चालता कामा नये. सगळ्यांच्या पीसीवर झेड ड्राइव्ह म्हणून दिसणारं नॅस (नेटवर्कवरची सामायिक डिस्क) म्हणजे बॅकअप नव्हे.

तीन प्रती, दोन माध्यमं, एक बाहेर, हा नियम तुम्ही ऐकला असेल. त्यातल्या ‘बाहेर’चा अर्थ नकाशा बघून ठरवा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर एकाच वेळी पाण्यात होती. सांगलीच्या ऑफिसची बाहेरची प्रत कोल्हापूरच्या शाखेत तळमजल्यावर असेल, तर ती कागदावर बाहेर आहे. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं डेटासेंटर जळालं, तेव्हा सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही तिथेच ठेवणाऱ्यांचंही असंच झालं.

मुलाखतीत मी उमेदवाराला कमांड पाठ आहेत का हे विचारत नाही. शेवटचा रिस्टोअर कधी केला आणि काय अडलं, एवढंच विचारतो. नोकरी नसेल तर घरी करा: जुना लॅपटॉप, त्यावर डेबियन, एक जुनी हार्डडिस्क, एखादा वर्डप्रेस. दहा-बारा दिवस बॅकअप चालू द्या, मग पासवर्ड बदला आणि तुमच्या स्क्रिप्टला ते कधी कळतं ते बघा. मग डेटाबेस उडवा, घड्याळ लावून परत उभा करा. रेस्टिकचा पासवर्ड त्याच लॅपटॉपवर ठेवला असेल तर लॅपटॉप फॉरमॅट केल्यावर काय होतं, तेही याच सरावात कळून जाईल. तो पासवर्ड हरवला तर प्रत उघडायचा दुसरा मार्ग नाही. आमच्या ग्राहकांकडे तो छापून, पाकिटात सील करून मालकाच्या तिजोरीत ठेवतो, आणि पासवर्ड बदलला की पाकीटही बदलतो.