मालिकेतील हृदय पुन्हा सुरू होण्याचा प्रसंग कसा पाहावा

मालिकेत कोणी कोसळले की छातीवर चार-पाच वेळा दाब दिला जातो आणि रुग्ण डोळे उघडतो. असा प्रसंग पाहताना प्रथम दाब देणाऱ्याच्या कोपरांकडे लक्ष द्यावे. ते बहुधा वाकलेले दिसतात, कारण जिवंत नटाच्या छातीवर खरा दाब देणे धोक्याचे असते. प्रत्यक्षात कोपर ताठ ठेवून, तळहाताची टाच छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर रोवून, प्रौढाची छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जाईल असा दाब मिनिटाला १०० ते १२० वेळा द्यावा लागतो आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी लागते.

मॉनिटरवरील सरळ रेषा पाहून विजेचा झटका देणे हीदेखील चूकच आहे. झटका हृदयाच्या बेताल थरथरीसाठी असतो.

यशाचे प्रमाणही तपासावे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 'ई.आर.'सह तीन अमेरिकी कार्यक्रमांतील ७५ टक्के रुग्ण तत्काळ वाचलेले आढळले. वास्तव याहून फार कठोर आहे, आणि नातेवाइकांच्या अपेक्षा अशा दृश्यांतून घडतात, याची मला सर्वाधिक काळजी वाटते. तरीही हात आखडता घेऊ नये. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून लगेच दाब सुरू करावा. अधूनमधून लागणारे आचके म्हणजे श्वास नव्हे.