मॉडेल रेल्वेसाठी उंच देवदार कसा करावा

बेळगावजवळच्या खानापूरच्या जंगलात साग, मत्ती, जांभूळ हवे तेवढे पाहायला मिळतात. पण आपल्याकडे देवदाराचे रान नाही. रस्त्याकडेला दिसणारा सुरू लांबून सूचिपर्णी वाटला तरी तो फुलणारा वृक्ष आहे. बंगल्यांच्या बागेतला अरॉकेरिया खरा सूचिपर्णी असला, तरी त्याच्या फांद्या इतक्या मोजूनमापून फुटतात की त्याच्यावरून देवदार करू गेल्यास झाड खेळण्यासारखे दिसते. त्यामुळे बेळगावात बसून कालका-शिमला रेल्वेमार्गाची मांडणी, म्हणजे छोटी प्रतिकृती, करणाऱ्याने जुन्या देवदारांची छायाचित्रे समोर ठेवूनच काम सुरू करावे. हा मार्ग ६५६ मीटरपासून २०७६ मीटरपर्यंत चढतो आणि त्याच्या खालच्या टप्प्यावर चीड हा पाइन वृक्ष, तर वरच्या टप्प्यावर देवदार असतो, हेही ध्यानात ठेवावे.

आधी उंचीचा हिशेब करावा. पूर्ण वाढलेला देवदार ४० मीटरपर्यंत सहज जातो, म्हणजे १:८७ या प्रमाणात तो ४६ सेंटीमीटर होतो. बहुतेक मांडण्यांवर १५ सेंटीमीटरची झाडे लावलेली असतात. ती प्रत्यक्षातल्या १३ मीटरच्या कोवळ्या झाडांइतकीच ठरतात आणि मग डोंगरही बुटका दिसू लागतो. सगळी झाडे मोठी करण्याची गरज नाही, पण गाडीच्या अगदी जवळची सात-आठ तरी खऱ्या मापाची असावीत.

खोडासाठी पांगारा किंवा सावरीचे हलके लाकूड उत्तम. सुताराकडून १५ मिलिमीटर जाडीची सरळ दांडी करून घ्यावी आणि रंध्याने, नंतर पॉलिश पेपरने ती शेंड्याकडे निमुळती करत न्यावी. सालीसाठी हॅक्सॉचे जुने पाते आडवे धरून दाते लाकडात रुतवावेत आणि बुंध्यापासून वरपर्यंत ओढत न्यावे. पहिल्या दोन-तीन वेळा नुसत्या समांतर रेघा उमटतात. पाते किंचित तिरके करून पुन्हा ओढले की त्या रेघा एकमेकींना छेदतात आणि जुन्या देवदाराच्या भेगाळलेल्या सालीसारखी खवले धरलेला पृष्ठभाग तयार होतो. हे काम घाईने करू नये, कारण पाहणाऱ्याची नजर आधी बुंध्यावरच जाते. खोडाला तपकिरी रंग देण्याचा मोह टाळावा. राखाडी रंग द्यावा, तो वाळल्यावर काळा रंग पाण्यासारखा पातळ करून भेगांत उतरू द्यावा आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी रंग उंचवट्यांवरून फिरवावा.

फांद्यांसाठी परदेशात घर गरम ठेवणाऱ्या यंत्रातल्या हवेच्या गाळणीची जाळी वापरतात. आपल्याकडे गादी करणाऱ्यांकडे मिळणारे रबर लावलेल्या काथ्याचे तुकडे तितकेच उपयोगी पडतात. हा काथ्या बोटांनी सोलून तीन-चार मिलिमीटरचे विरळ थर काढावेत, त्यांचे वेडेवाकडे गोल कापावेत आणि आधीच गडद तपकिरी, जवळजवळ काळा रंग फवारून वाळवावेत. सर्वांत खालचा गोल १३ सेंटीमीटरचा असावा आणि वर जाताना तो लहान होत जावा. मध्ये कात्रीने फुलीसारखी चीर देऊन मोठ्या गोलापासून सुरुवात करत एकेक गोल शेंड्याकडून खाली सरकवावा आणि फेव्हिकॉलच्या थेंबाने पक्का करावा. दोन थरांमधले अंतर कुठे आठ मिलिमीटर, कुठे पंधरा असे ठेवावे, एखाद्या बाजूची फांदी कापूनच टाकावी आणि आतले खोड मधूनमधून दिसू द्यावे. माझ्या मते झाडाचा भव्यपणा हिरवाईपेक्षा या मोकळ्या जागांतच असतो. फांद्या आडव्या पसरून टोकांशी थोड्या झुकलेल्या असाव्यात. वयस्कर देवदाराचा शेंडा अणकुचीदार नसतो, तो चपटा होऊन पसरतो, म्हणून वरचे चार-पाच थर एकाच मापाचे ठेवावेत. खोडाचा खालचा तिसरा भाग मोकळा ठेवून तिथे बारीक भोके पाडावीत आणि केरसुणीच्या काड्यांचे छोटे तुकडे खोचावेत. वाळलेल्या, मोडलेल्या फांद्या म्हणून ते शोभतात.

पालवीसाठी मी पूर्वी सॉमिलचा भुसा रंगवून वापरत असे. एका पावसाळ्यात, संततधारेच्या आठवड्यांत, त्या भुशाला पांढरी बुरशी आली आणि अकरा झाडे फेकून द्यावी लागली. तेव्हापासून मी स्पंजच वापरतो. त्याचे तुकडे पाण्यासह जुन्या मिक्सरमध्ये बारीक करावेत, पिळून घेऊन गडद हिरव्या ॲक्रिलिक रंगात थोडा निळा मिसळून रंगवावेत आणि पूर्ण वाळवावेत. फांद्यांवर हेअर स्प्रे मारून हा चुरा फक्त वरून भुरभुरावा. खालची बाजू काळसर राहिली की झाडाला आपोआप सावली मिळते.

शेवटी बुंध्यात डोके कापलेला दोन इंची खिळा बसवून झाड डोंगरात रोवावे, म्हणजे साफसफाईच्या वेळी ते उपसून काढता येते. उंच झाडे पुढे आणि बुटकी मागे लावल्यास दोन फुटांचा उतारही खोल दिसतो.